मौनाला संमती मानणारी चाचणी

फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतील एका जोडाक्षराने जगभरच्या आयफोनधारकांना हैराण केले होते. ज, हलन्त, ञ, अक्षरे जुळू नयेत म्हणून घालायचे एक अदृश्य चिन्ह आणि शेवटी काना, एवढाच तो क्रम. तो असलेला संदेश दाखवू पाहणारे ॲप तत्काळ बंद पडे. नेहमीच्या लेखनात तेथे त्या अदृश्य चिन्हाची गरज नसते; परंतु चाचणी असते ती अशा आडवळणांसाठीच. बंगाली व देवनागरीतील काही क्रमांनीही हेच घडते, हे लवकरच उघड झाले. १९ फेब्रुवारीला ॲपलने ११.२.६ ही दुरुस्त आवृत्ती दिली. विशेष म्हणजे, त्या वेळी चाचणीत असलेल्या ११.३ आवृत्तीत हा दोष नव्हताच. दुरुस्ती अस्तित्वात होती. ती लोकांपर्यंत पोचायची होती.

नवी आवृत्ती सर्वांच्या हाती देण्याआधी मोजक्या वापरकर्त्यांकडून पारखून घ्यावी, ही प्रथा जुनी आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने तिचे उघड, लेखी नियम केले, म्हणून तिचा इतिहास तेथे नीट वाचता येतो. डेबियन या प्रणालीने २००० साली ‘अस्थिर’ आणि ‘स्थिर’ यांच्यामध्ये ‘चाचणी’ हा टप्पा आणला. नवे पॅकेज आधी ‘अस्थिर’मध्ये येई, तातडीनुसार २, ५ किंवा १० दिवस थांबे, आणि तेवढ्या काळात नवा गंभीर दोष नोंदला गेला नाही, तर पुढे सरके.

फेडोराने २००७ मध्ये याच कामासाठी ‘बोधी’ नावाची व्यवस्था उभी केली. वापरकर्ता अपडेट बसवून पाहतो आणि अधिक एक किंवा उणे एक असा कौल देतो. या गुणांना तेथे चक्क ‘कर्म’ म्हणतात. कर्म ठरलेल्या मर्यादेपर्यंत, बहुधा अधिक तीनपर्यंत, पोचले की अपडेट सर्वांसाठी खुले होते.

ही वाट टाळली तर काय होते, याचा धडा डिसेंबर २००८ मध्ये मिळाला. प्रोग्रामांना परस्परांशी संवाद साधू देणाऱ्या ‘डी-बस’ या घटकात सुरक्षेची त्रुटी आढळली होती. नको ते संदेशही तो मुक्तपणे जाऊ देत असे. दुरुस्तीने तो मुक्त संचार रोखला. सुरक्षेचा प्रश्न म्हणून ती दुरुस्ती चाचणीचा टप्पा वगळून थेट फेडोरा १० च्या वापरकर्त्यांकडे गेली. तिच्यामुळे ज्या गोष्टी बंद पडल्या, त्यांत अपडेट आणून बसवणारा ‘पॅकेजकिट’ हा प्रोग्रामही होता. दुरुस्तीची दुरुस्ती तयार झाली, पण ती घरी आणणारा दूतच आजारी! ज्यांना आज्ञा टंकित करून अपडेट करणे ठाऊक होते, ते सुटले. इतरांची वाट अडली.

२०१० मध्ये फेडोराने नियम कडक केले. त्यावर मोठा वाद झाला. कडक नियमांच्या विरोधकांचा मुद्दा असा, की तपासणारे हात थोडे आहेत. फारसे कोणी वापरत नसलेल्या पॅकेजला तीन कौल मिळणार कोठून? यावर तोडगा निघाला तो प्रतीक्षेचा: कौल मिळाले नाहीत, तरी साधारण सात दिवस चाचणीत काढल्यावर अपडेट पुढे जाऊ शकते. डेबियनचा नियमही मुळात हाच. मौन म्हणजे संमती.

भौतिकशास्त्रात मौनाचा असा अर्थ लावता येत नाही. प्रोटॉनचा क्षय आजवर दिसलेला नाही. या ‘न दिसण्या’ला मोल आहे, कारण किती टन पाण्यावर किती वर्षे नजर होती, हे आपल्याला ठाऊक असते. शोधकयंत्र बंद असताना ‘काही दिसले नाही’ म्हणणे निरर्थक आहे. सात दिवस तक्रार आली नाही, याचे दोन अर्थ संभवतात: दोष नव्हता, किंवा दोष ज्याला जाणवला असता तो वापरकर्ता चाचणीत नव्हताच. कर्माच्या बेरजेत हे दोन्ही अर्थ सारखेच दिसतात.

भारतासाठी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. म्हणजे तेथील चाचणीत जे निसटते, ते येथवर पोचू शकते. संथाळीची ओल चिकी किंवा मणिपुरीची मैतेई मयेक ही लिपी वापरणारा एकही जण चाचणीच्या वर्तुळात नसेल, तर त्या लिपीतला दोष तेथे शांतपणे सात दिवस काढील आणि नंतर एखाद्या शाळेत किंवा सरकारी अर्जात प्रथम प्रकट होईल.

फेडोरात प्रत्येक आवृत्तीआधी भाषांसाठी स्वतंत्र चाचणी-दिवस भरतात, आणि त्यात कोणालाही सहभागी होता येते. ही चांगली सुरुवात आहे. पण ती स्वयंसेवकांच्या सवडीवर उभी आहे. सार्वजनिक पैशातून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आपल्या संस्थांनी प्रत्येक चाचणीच्या अहवालात एक रकाना वाढवावा: ही आवृत्ती कोणकोणत्या लिपींत, किती जणांनी, किती दिवस वापरून पाहिली? ज्या लिपीसमोर शून्य असेल, तिच्याबाबत ‘तक्रार नाही’ असे लिहू नये. ‘तपासलेले नाही’ असे लिहावे.