शस्त्राची निवड : वाघनख आणि बिचवा

१/ १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट ठरली होती. अशा भेटीसाठी शस्त्र कोणते निवडावे?

२/ तलवार दुरूनच दिसते आणि मिठीच्या अंतरात ती फिरवायला जागा नसते. हवे होते ते लपणारे, जवळून चालणारे हत्यार.

३/ वाघनखात पट्टीवर वाकडी नखे बसवलेली असतात. टोकांच्या कड्यांत बोटे घातली की नखे मुठीत दडतात. बिचव्याचे वळणदार पाते विंचवाच्या नांगीसारखे, नावही त्यावरूनच.

४/ सभासद बखरीनुसार महाराजांच्या डाव्या पंजात वाघनख व उजव्या हाती बिचवा होता. पहिला वार खानाच्या जमदाडीचा. तो अंगास लागला नाही. मात्र ही बखर त्या प्रसंगानंतर तीन दशकांहून अधिक काळाने लिहिली गेली.

५/ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आले. ते ग्रँट डफ घराण्याकडून मिळालेले. तेच प्रतापगडी वापरले गेले, याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालयच सांगते. म्हणून प्रसंग समजण्यासाठी समकालीन साधने वाचावीत. हत्याराची घडण समजण्यासाठी ते वाघनख अवश्य पाहावे.