पाठभेदांतून लागलेले घराणे

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्यामागची पद्धत मला नेहमीच मोह घालत आली आहे. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक आढळली, तर त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असतात. अशा पाठभेदांवरून पोथ्यांची घराणी लावली जातात. अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वोझ यांचे काम वाचताना मला हीच पद्धत आठवत राहिली.

प्राण्यांची वंशावळ लावायला हाडे आणि जीवाश्म होते. जिवाणू मात्र गोल नाहीतर काडीसारखे; रूपावरून त्यांचे नाते लागेना. वोझ यांना सर्व सजीवांच्या घरी असलेली एकच पोथी हवी होती. ती त्यांना रायबोसोममध्ये सापडली. रायबोसोम हा पेशीतला प्रथिने घडवणारा कारखाना. त्यातल्या एका आरएनएची लांबी जिवाणूंमध्ये सुमारे १,५०० अक्षरे. त्याचे काम इतके मोलाचे, की त्यात बदल फार सावकाश टिकतात.

ती पोथी सलग वाचण्याची सोय तेव्हा नव्हती. किरणोत्सारी फॉस्फरस घालून जिवाणू वाढवायचे, आरएनएचे विकराने तुकडे करायचे आणि फिल्मवर उमटलेले काळे ठिपके उजेडाच्या टेबलावर ठेवून वाचायचे, असे काम इलिनॉय विद्यापीठात वोझ यांनी वर्षानुवर्षे केले.

१९७६ मध्ये सहकारी राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेतले मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव त्यांनी तपासले. त्यांत जिवाणूंचे ठरलेले पाठ नव्हते आणि आपल्यासारख्या केंद्रकयुक्त पेशींचेही नव्हते. हे तिसरेच घराणे आहे, असे वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये जाहीर केले. आज त्याला आर्किया म्हणतात. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. पण अनेक विद्वानांनी ते हसण्यावारी नेले. नोबेलविजेते साल्वाडोर लुरिया यांनी फोन करून या प्रकरणापासून दूर राहा असे बजावल्याची आठवण वुल्फ यांनी नोंदवली आहे.

पुढे पूर्ण अक्षरे वाचता येऊ लागली, तेव्हा वोझ यांनी हॅरी नोलर यांच्यासह आरएनएच्या घड्या शोधल्या. ओवीत एका चरणाचे यमक बदलले, की दुसऱ्याचेही बदलावे लागते. तसेच इथेही घडीच्या एका बाजूचे अक्षर बदलले, की समोरचे जोडीदार अक्षरही बदललेले दिसे. त्यामुळे दूरच्या सजीवांतले कोणते अक्षर कोणत्या अक्षराशी ताडून पाहायचे, हे ठरवता आले. १९९० मध्ये वोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजीवसृष्टीची तीन अधिक्षेत्रे मांडली.

जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण सांगितले: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया. ती बातमी वाचताना मला उजेडाच्या टेबलावर वाकलेले वोझ आठवले. हे सूक्ष्मजीव तेव्हाही होतेच. त्यांची पोथी मात्र कुणी उघडली नव्हती.