भोंग्याची वेळ

आमच्या मोहल्ल्यात घड्याळं मोजकीच होती. वेळ सांगायचा तो गिरणीचा भोंगा. फजरची अजान आणि सकाळचा भोंगा यांच्या मधल्या वेळात अम्मा चूल पेटवून अब्बांचा डबा भरायची. सात ते साडेतीन पहिली पाळी, साडेतीन ते रात्री बारा दुसरी, उरली ती रातपाळी. अब्बांची पाळी बदलली की साऱ्या घराची झोप बदलायची. रातपाळीच्या आठवड्यात आम्ही पोरं दिवसभर कुजबुजत बोलायचो. ऊन-पावसासारखंच हे आहे, असं मला वाटे. ते कुणा माणसानं ठरवलंय, हे डोक्यातच आलं नाही.

दादांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मात्र ते पक्कं ठाऊक होतं. आम्ही मोमीन, हातमागावर बसणारे. उजेड असेल तोवर माग चालायचा, जुम्म्याच्या नमाजाला थांबायचा, सूत संपलं की आपोआप सुट्टी. सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली १८७७ साली. तिलाच पुढे लोक 'जुनी मिल' म्हणू लागले. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल अशा गिरण्या आल्या आणि मागावरची माणसं तिकडे वळली. दादा लागले तेव्हा १९२२ च्या कायद्यानं दिवसाचे अकरा तास ठरलेले होते. त्याआधी, १९११ च्या कायद्यानं, बारा. दादा सांगायचे, काम जड नव्हतं, बोलावणं जड होतं. उशीर झाला की फाटक बंद, मजुरी गेली. भोंगा म्हणजे आपल्याला कुणीतरी नाव न घेता हाक मारतंय, असं त्यांना वाटायचं.

हे एकट्या दादांचं नव्हतं. १९०६ च्या जानेवारीत देशभर एकच वेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. तिथल्या काही गिरणी कामगारांनी या नव्या वेळेनं कामावर यायला नकार दिला. सूर्य तोच असताना आपण पाऊण तास आधी का उठायचं, हा त्यांचा सवाल मला तरी अडाणीपणाचा वाटत नाही.

१९३४ मध्ये दहा तास झाले, १९४६ मध्ये नऊ, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. अब्बा लागले तेव्हा पाळी आठ तासांवर आली होती. दादांना टोचणारा भोंगा अब्बांना सवयीचा झाला आणि मला तर तो अंगाईसारखा.

नव्वदच्या दशकात गिरण्या एकेक करून थांबल्या. अब्बांचीही थांबली. उद्या सुरू होणार, पुढच्या महिन्यात होणार, असं कानावर यायचं. त्या भरवशावर अब्बा बंद गिरणीच्या पाळ्या पाळत राहिले! एक आठवडा पहाटे उठायचं, दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्रीपर्यंत जागायचं. मी तेव्हा बी.ए. होऊन एका दुकानात हिशेब लिहीत होतो. एका रात्री बाराला ते चहा करायला उठले, भांडं वाजलं आणि मी ओरडलो, "अब्बा, कुठल्या पाळीवरून आलात?" ते काही बोलले नाहीत. स्टोव्ह बंद करून निजले. आजही ते आठवलं की घास उतरत नाही.

सवय अंगात असते असं आपण म्हणतो. मला वाटतं, ती निम्मी इतरांत असते. बरोबर चालणारी माणसं, फाटकासमोरचा चहा, दुसऱ्या पाळीचा जोडीदार. ते सगळं गेलं आणि अब्बांची पहाट नुसतीच लोंबकळत राहिली.

बदल आला तो अम्माकडून. सोलापुरात हजारो बायका बिड्या वळतात. तीही आता त्यांच्यात बसली. रात्री पानं भिजवायची, पहाटे कापायची, वळून झालेल्या बिड्या ठरल्या वेळेला ब्रँचला द्यायच्या. मजुरी हजारावर. एका सकाळी सुपावरची मान वर न करता ती म्हणाली, "मला आज ब्रँच गाठायची आहे. भात तुम्ही लावा." जन्मात चुलीपुढे न बसलेले अब्बा उठले. भात करपला. महिन्याभरानं करपेनासा झाला. पाळीचा हिशेब त्यांनी कधी सोडला, ते आमच्या लक्षातही आलं नाही. अम्मा ब्रँचला निघाली की आता तेच दारात उभे राहून वेळ सांगायचे.

त्यांचा तो पितळी डबा पुढे अम्मानं घेतला. पानं कापायची कात्री आणि दोऱ्याची गुंडी ती त्यात ठेवायची.