मुलांच्या अंगाचें माप

मुलाचें अंग मोजून त्याच्या पुढील आयुष्याविषयीं कांहीं सांगतां येईल काय, हा प्रश्न आज वैद्यांपुढें आहे. परंतु ज्यांनीं प्रथम मुलें मोजलीं त्यांच्या मनांत तो नव्हता. फ्रान्समध्यें गेनो द माँबेयार नांवाच्या एका विद्वान गृहस्थानें १७५९ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची सुमारें दर सहा महिन्यांनीं मोजून लिहून ठेवली, आणि मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत हा क्रम चालविला. त्याचा मित्र, प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ, ह्यानें तीं मापें १७७७ सालीं आपल्या ग्रंथाच्या पुरवणींत छापलीं. बापाला कुतूहल होतें, एवढेंच.

इंग्लंडांत पुढें कुतूहलाची जागा कायद्यानें घेतली. कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास लावूं नये असा निर्बंध १८३३ सालीं झाला, आणि त्याच सालीं चौकशी आयोगाच्या वतीनें मँचेस्टर व स्टॉकपोर्ट येथील रविवारच्या शाळांतील मुलांचीं वजनें व उंची घेण्यांत आली. जन्माची सरकारी नोंद तेथें १८३७ पर्यंत सुरूच झालेली नव्हती. मग दाराशीं उभें असलेलें पोर नऊ वर्षांचें आहे कीं सात, हें ठरवावयाचें कसें? उंचीवरून आणि दातांवरून. त्या मुलाच्या घरीं इंचभर उंचीचा अर्थ आठवड्याची मजुरी असा होत असे.

ह्या इतिहासांत सर्वांत मोठें नांव आदोल्फ केतले ह्याचें आहे. मात्र त्याच्या नांवावर आज जें खपतें त्याची जबाबदारी त्याच्यावर फारच थोडी येते. बेल्जममधील घेंट येथें जन्मलेला केतले मूळचा गणिती व ज्योतिर्विद. ब्रुसेल्सची वेधशाळा त्याच्याच खटपटीनें उभी राहिली. एकाच ताऱ्याचा वेध दहा जणांनीं घेतला तर दहा आंकडे येतात, आणि खरें स्थान त्यांच्या मध्यावर कोठें तरी असतें, हें त्याला ठाऊक होतें. हाच विचार त्यानें मनुष्यमात्राला लावला. देशांतील सर्व माणसें म्हणजे जणूं एकाच 'सरासरी मनुष्या'चे घेतलेले निरनिराळे वेध, अशी त्याची कल्पना. १८३५ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, माणूस सर्व बाजूंनीं सारखाच वाढत असता तर त्याचें वजन उंचीच्या घनाप्रमाणें वाढलें असतें. प्रत्यक्षांत प्रौढांचें वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. वाढत्या वयाच्या मुलांत हें प्रमाण बदलतें व तेथें वजनाचा वर्ग उंचीच्या पंचघाताशीं जुळतो, हेंहि त्यानेंच लिहून ठेवलें आहे. पुढच्या लोकांनीं पहिलें वाक्य उचललें आणि दुसरें मागें ठेवलें. लठ्ठपणा हा तर केतलेचा विषयच नव्हता.

त्याचा तो भागाकार जवळजवळ एकशें चाळीस वर्षांनीं पुन्हां वर आला. अमेरिकेंतील अँसेल कीज व त्याचे सहकारी ह्यांनीं १९७२ सालीं पांच देशांतील सुमारें ७,४०० माणसांचीं मापें तपासलीं, आणि किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागून जो आंकडा येतो त्याला 'बॉडी मास इंडेक्स' असें नांव दिलें. हीं सर्व माणसें प्रौढ पुरुष होतीं. त्यांत एकहि स्त्री नव्हती, एकहि मूल नव्हतें. तरी भागाकार सोपा, वजनकांटा सर्वत्र उपलब्ध. तेव्हां पुढें तो आंकडा दवाखान्यांतून शाळांतहि जाऊन पोहोंचला. मुलांच्या बाबतींत हा आंकडा पहिल्या वर्षानंतर उतरतो आणि पांच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हां चढूं लागतो. म्हणून वयवार व मुलगा-मुलगी असे वेगळे तक्ते करावे लागले. २००० सालीं जगभर वापरण्यासाठीं जो तक्ता निघाला तो ब्राझील, ब्रिटन, हाँगकाँग, नेदरलंड्स, सिंगापूर व अमेरिका ह्या सहा ठिकाणच्या मुलांवरून केलेला होता. हिंदुस्थानचें मूल त्यांत नव्हतें, आणि ह्या एका उणिवेचें महत्त्व पुढें दिसेलच.

हृदयविकार व मधुमेह हे प्रौढांचे रोग. त्यांसाठीं मुलें मोजण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर प्रथम रणांगणावरून आलें. कोरियाच्या युद्धांत पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें तपासल्याचा वृत्तांत १९५३ सालीं छापून आला. त्यांचें सरासरी वय बावीस वर्षें होतें, आणि शेंकडा ७७ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत विकाराचीं चिन्हें नुसत्या डोळ्यांनीं दिसत होतीं. बाविसाव्या वर्षीं जें दिसतें त्याचा आरंभ केव्हां झाला असेल? लुइझियाना प्रांतांतील बोगालुसा ह्या लहान गांवीं डॉ. जेरल्ड बेरेन्सन ह्यांनीं १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत गांवच्या मुलांचीं वजनें, रक्तदाब व रक्तांतील कोलेस्टेरॉल तपासण्याचें काम आरंभिलें, आणि तें अनेक दशकें चाललें. त्यांतील जीं मुलें व तरुण अपघातादि कारणांनीं दगावले, अशा २०४ जणांच्या तपासणीचा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला: जिवंतपणीं ज्यांचीं मापें अधिक वाईट होतीं, त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थरहि अधिक होते. ह्याच गांवच्या सुमारें ३,००० मुलांच्या अभ्यासांत १९९९ सालीं असेंहि आढळलें कीं, कंबरेचा घेर रक्तांतील चरबी व इन्सुलिन ह्यांच्याशीं निगडित आहे. सारख्याच वजना-उंचीच्या दोन मुलांतहि पोटाभोवतीं साठा असलेलें मूल अधिक धोक्यांत असतें.

ही गोष्ट अगदींच नवी नव्हती. मार्सेय येथील वैद्य जाँ व्हाग ह्यांनीं १९४७ सालींच लिहिलें होतें कीं, शरीरांत चरबी किती आहे ह्याइतकेंच ती कोठें आहे हें महत्त्वाचें. मांड्यांवरची चरबी फारशी छळत नाहीं, पोटाची छळते. परंतु विमा कंपन्यांचे वजन-उंचीचे तक्ते तेव्हां सर्वत्र चालत होते. व्हाग ह्यांच्या म्हणण्याकडे पुष्कळ वर्षें कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं.

आतां दुसरी एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. इंग्लंडमधील हार्टफर्डशायर परगण्यांत एथेल मार्गारेट बर्नसाइड ह्या बाईंच्या देखरेखीखालीं १९११ पासून प्रत्येक नवजात बालकाचें वजन सुइणी घेत, आणि वर्षाच्या शेवटीं परिचारिका घरीं जाऊन तें पुन्हां घेत. हेतु इतकाच कीं, बालमृत्यु कमी व्हावेत. ह्या नोंदींच्या वह्या पुढें डॉ. डेव्हिड बार्कर ह्यांच्या हातीं आल्या. त्यांनीं त्या वह्यांतील ५,००० वर पुरुषांचें पुढें काय झालें ह्याचा शोध लावून १९८९ सालीं दाखविलें कीं, जे जन्मतः व वर्षाचे असतां वजनानें कमी होते, त्यांच्यांत हृदयविकारानें मरणाऱ्यांचें प्रमाण अधिक आहे. बायकांनीं वजनकांटा घेऊन दारोदार हिंडून लिहिलेले ते आंकडे सत्तर-ऐंशीं वर्षांनीं अशा कामीं आले.

बार्कर ह्यांच्याशीं ज्यांनीं हात मिळविले, त्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे होते. १९९३ सालीं पुण्याजवळील सहा गांवांत गर्भवती स्त्रियांची पाहणी सुरू झाली. ह्या शेतांत राबणाऱ्या बायका. गर्भ राहण्यापूर्वीं त्यांचें सरासरी वजन सुमारें ४२ किलो. त्यांचीं बाळें सरासरी २.७ किलोंचीं, तर इंग्लंडांत साउदम्टनचीं ३.५ किलोंचीं. पुण्याकडच्या बाळांच्या दंडाचा व पोटाचा घेर पुष्कळच कमी, उंची थोडी कमी. परंतु पाठीवर फऱ्याच्या हाडाखालीं कातडी चिमट्यांत धरून मोजली, तेव्हां तेथील चरबी मात्र जवळजवळ साउदम्टनच्या बाळांइतकीच भरली. म्हणजे अन्नाच्या टंचाईंत गर्भानें स्नायु दिले आणि चरबी राखली. २००३ सालीं हें प्रसिद्ध झाल्यावर जगाच्या वैद्यकांत 'लुकडें पण चरबीचें हिंदी बाळ' असा एक नवाच प्रकार रूढ झाला. त्यापूर्वीं, १९९९ सालीं, पुण्याच्याच ४७७ आठ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासांत दिसलें होतें कीं, जन्मतः लहान असून पुढें वजनानें भरलेल्या मुलांत रोगाचीं पूर्वचिन्हें सर्वांत अधिक होतीं.

आपल्या घरांतून 'बाळसें धरलें' हा शब्द किती आनंदानें उच्चारला जातो! अशक्त जन्मलेल्या मुलाला तूप-साखर चारून गुटगुटीत करण्यांत आईची व आजीची सारी हौस पुरी होते. ती हौस दोषास्पद मुळींच नाहीं. पण पुण्याचे हे आंकडे तिच्या पुढें ठेवावे लागतात.

वजन-उंचीचा आंकडा एकटा किती फसवूं शकतो, ह्याचा सर्वांत मासलेवाईक पुरावा २००४ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आला. डॉ. याज्ञिक व लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन यडकिन ह्या दोघांचाहि बॉडी मास इंडेक्स नेमका २२.३. छायाचित्रांत दोघे शेजारीं उभे आहेत व दोघेहि सडपातळ दिसतात. यडकिन ह्यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ निघाली, याज्ञिकांच्या शेंकडा २१.२. तक्ता दोघांनाहि निरोगी म्हणत होता. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियांतील लोकांसाठीं २३ ही सावधगिरीची जादा पायरी धरण्याची शिफारस केली. २०१५ सालीं हिंदी बालरोगतज्ज्ञांच्या संघानें आपल्या मुलांसाठीं जे नवे तक्ते काढले, त्यांतहि हाच २३ चा हिशेब धरला आहे. ते तयार करण्यांत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर ह्यांचा मोठा वांटा आहे.

मग कंबर. १९९५ सालीं जपानांतील संशोधकांनीं पुरुषांच्या कंबरेच्या घेराला उंचीनें भागून पाहिलें व हृदयविकाराचा धोका त्यावरून चांगला ओळखतां येतो असें सांगितलें. इंग्लंडांत मार्गारेट ॲश्वेल ह्या बाईंनीं हाच विचार लोकांच्या तोंडीं बसेल इतका सोपा केला: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. २००६ सालीं त्यांनीं व डेव्हिड मॅकार्थी ह्यांनीं ब्रिटिश मुलांना तो लावून दाखविला. उंची १३० सेंटिमीटर असेल तर कंबर ६५ च्या आंत. तक्ता नको, वय विचारावयास नको. २०२२ पासून ब्रिटनची आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्था पांच वर्षांवरील मुलांसाठीं ह्या मापाचा विचार करावा असें सांगते. त्याहून लहान मुलांचें पोट स्वभावतःच पुढें असतें, त्यांना हा नियम लागू करूं नये.

माप मात्र नीट घेतलें पाहिजे. शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाची वरची कड ह्यांच्या मध्यावर, अंगावर कपडा न ठेवतां, मुलानें सहज श्वास सोडल्यावर, टेप आडवी सरळ धरून व कातडीला न आंवळतां. पुष्कळ ठिकाणीं पोलक्यावरून किंवा चड्डीच्या नाडीवरून टेप गुंडाळतात. त्या मापाला कांहीं अर्थ नाहीं. त्यापेक्षां करदोडा घट्ट होऊं लागला हें ओळखणारी आई अधिक विश्वसनीय!

निम्म्याचा नियम हिंदी मुलांना पुरेसा कडक आहे काय, ह्याविषयीं मात्र मतभेदास जागा आहे. शंभर समवयस्क मुलें कंबरेच्या घेराप्रमाणें ओळीनें उभीं केलीं, तर २००७ सालच्या आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेच्या व्याख्येप्रमाणें नव्वदाव्याच्या पुढील मूल चिंतेचें, डॉ. अनुराधा खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं हिंदी मुलांसाठीं ती रेघ सत्तराव्यावर आणली. ह्यामुळें पुष्कळ अधिक मुलें चाळणीवर राहतील, आणि त्यांतील बरींच पुढें निर्दोष ठरतील. तरी ज्या देशांत लुकड्या मुलालाच चरबी असते, तेथें चाळणीचीं भोकें लहान असलेलीं बरीं. चाळणीवर राहिलें म्हणजे मूल रोगी असें नव्हे. त्याचा रक्तदाब पाहावा, जरूर वाटल्यास रक्तांतील साखर व कोलेस्टेरॉल पाहावें, एवढेंच त्या मापाचें सांगणें. वर्गांत पन्नास मुलांपुढें आंकडा मोठ्यानें वाचून दाखविणें हा तर त्या मुलावर उघड अन्याय आहे, आणि त्यानें एकहि कंबर कमी होत नाहीं.

ह्याच महाराष्ट्रांत, मेळघाटांत व नंदुरबारकडे, अंगणवाडीच्या सेविका दुसरीच एक टेप घेऊन हिंडतात. ती दंडावर गुंडाळावयाची असते. सहा महिन्यांवरील व पांच वर्षांखालील मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर तें मूल तीव्र कुपोषित. तेथील मूल जगलें, शहरांत आलें आणि अंगानें भरलें, म्हणजे त्याला दुसऱ्या टेपेची गरज लागावी, असाच पुण्याच्या आंकड्यांचा अर्थ निघतो.

त्या सहा गांवांतील मुलांना सतरा-अठराव्या वर्षीं, म्हणजे २०१२ पासून, बी-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांच्या पोटीं येणाऱ्या पिढीला तें गर्भांतच मिळावें असा हेतु. त्यांतील मुलींचीं लग्नें झालीं, आणि त्यांचीं बाळेंहि जन्मतांच मोजलीं गेलीं.