शिक्का नसलेली पुंगळी आणि कस्टरची अखेरची लढाई

१/ २५ जून १८७६. मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर आणि त्याच्या पाच तुकड्यांतील सुमारे २१० माणसे लाकोटा व शायेन योद्ध्यांनी मारली. त्या तुकड्यांची बाजू सांगायला कोणी उरले नाही. चित्रकारांनी मात्र अखेरच्या काडतुसापर्यंत झुंजणारा वीर रंगवला.

२/ १९८३ च्या वणव्यात रणभूमीवरील गवत जळाले. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधक यंत्रांनी ती पिंजून काढली आणि सापडलेल्या वस्तूंची जागा नकाशावर टिपली.

३/ सैन्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर ना वर्ष, ना कारखान्याचे चिन्ह. फ्रँकफर्ड शस्त्रागाराने असे शिक्के मारणे १८७७ मध्ये सुरू केले. म्हणजे कोरे बूड हीच काळाची खूण. तांब्याचे कवच, .४५ इंची व्यास आणि बुडालगतच्या दाबखुणा पाहून स्प्रिंगफील्ड कार्बाइनचे काडतूस ओळखता येते.

४/ बार उडताना फायरिंग पिनचा ठसा बुडावर उमटतो. हेन्री रायफलचा ठसा दुहेरी असतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच बंदुकीचे ठसे जुळले, की ती कोठून कोठे सरकली हे कळते.

५/ सैनिकांची फळी लवकरच मोडली, प्रदीर्घ झुंज झालीच नाही, असा निष्कर्ष फॉक्स यांनी काढला. अनेक लाकोटा व शायेन योद्ध्यांनी हेच सांगितले होते. त्यांच्या साक्षीवर विश्वास बसण्यासाठी मात्र शतकानंतर पुंगळ्यांची साक्ष काढावी लागली.