बैलगाडीचा आस ते जीपचा डिफरन्शियल

१/ बुलढाणा जिल्ह्याचे बोलीभाषेत दोन भाग पडतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. वर अजिंठ्याच्या रांगांतील बुलढाणा, चिखली; खाली पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव. राजूर घाटाची वळणे आणि पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल, या दोन्ही कसोट्या गाडीचा एकच भाग सोसतो, तो म्हणजे डिफरन्शियल. हा धागा त्याच्या इतिहासाचा आणि निगेचा.

२/ वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. बैलगाडीला याची अडचण नव्हती. तिची चाके आसावर सुटी फिरत आणि ओढ बैलांची असे. खुद्द चाकालाच शक्ती देण्याची वेळ आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर वळणावर एक चाक घासत जाते.

३/ १८२० च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. दातेरी चाकांची अशी रचना की शक्ती दोन्ही चाकांना मिळावी, वेग मात्र ज्याचा त्याला ठरवता यावा.

४/ या तोडीतच एक उणीव होती. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर वाटतो. एक चाक चिखलात गरगरू लागले की दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही हतबल होते.

५/ दुसऱ्या महायुद्धातील जीपने पुढच्या आसालाही शक्ती दिली. डिफरन्शियल दोन झाले. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. तिने विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. फोर-व्हील-ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर पिकअप ही त्याच कंपनीची.

६/ जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांदरम्यान तिसरा डिफरन्शियल नव्हता. म्हणून अशा गाडीत घाटाच्या कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावू नये; ते चिखलासाठी आहे.

७/ तेलाचे महत्त्व कशामुळे? १९२० च्या दशकात पॅकार्ड मोटारीत ‘हायपॉइड’ दाते आले. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसते. दांडा खाली आला, पण दाते एकमेकांवर अधिक घासू लागले. हा दाब साधे तेल सोसत नाही. त्यासाठी गंधकयुक्त गिअर ऑइल लागते. त्याचा उग्र वास त्यामुळेच.

८/ तापलेला डिफरन्शियल नाल्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ होते, दाते झिजतात. पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल म्हणूनच लवकर तपासावे.

९/ हे काम अंगणातही होते. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करावा, मगच खालचा उघडावा. वरचा अडकला आणि तेल आधीच वाहून गेले, तर गाडी जागची हलवता येत नाही. प्लगला चिकटलेला बारीक कीस सामान्य. दात्याचा तुकडा दिसला तर मिस्त्री गाठावा. खालचा प्लग घट्ट बसवून, पुस्तिकेत सांगितलेले तेल वरच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत भरावे. मग ब्रीदर स्वच्छ करावा. पुढचा डिफरन्शियलही तसाच. अनेकदा विसरला जातो तो हाच. जुने तेल बांधावर किंवा नाल्यात ओतू नये.

१०/ पेकरने वळणाचा प्रश्न सोडवला, जीपने चिखलाचा, हायपॉइडने दांड्याच्या उंचीचा. प्रत्येक तोडीने पुढच्या माणसावर थोडी जबाबदारी टाकली. कापूस भरलेली पिकअप ऐन हंगामात क्राउन-पिनियन तुटून रस्त्यात उभी राहते, तेव्हा ती जबाबदारी कुणीतरी टाळलेली असू शकते.