आश्रयार्थींची निराधारावस्था, लंडनमधील

छळाच्या भीतीने स्वदेश सोडून परदेशात संरक्षण मागणाऱ्या, परंतु अर्जाचा निर्णय न लागलेल्या व्यक्तीस आश्रयार्थी म्हणतात. अर्ज मान्य झाल्यावर तिला निर्वासिताचा दर्जा व त्यासोबतचे हक्क मिळतात. दरम्यानच्या काळात तिच्या अन्नवस्त्रनिवाऱ्याचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न लंडन शहरात तीन शतकांहून अधिक काळ पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. आश्रयार्थी बहुधा रित्या हाताने येतात, हे त्यांच्या निराधारतेचे एक कारण होय. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती मुख्यत्वे कायद्यातूनच निर्माण झाली, असे या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८५ मध्ये नँट्सचा जाहीरनामा रद्द केल्यानंतर ह्यूगेनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) लोकांनी मोठ्या संख्येने देशत्याग केला. त्यांपैकी अनेक जण लंडनच्या स्पिटलफील्ड्स व सोहो या भागांत स्थायिक झाले. रेशीम विणण्यासारखे व्यवसाय त्यांच्या हाती होते. गरजूंसाठी चर्चमधून निधी गोळा करण्यात आला आणि त्यांच्या स्वतःच्या धर्मादाय संस्थाही उभ्या राहिल्या. १७०९ मध्ये युद्ध, दारिद्र्य व कडक हिवाळा यांनी गांजलेले ऱ्हाईनकाठचे सु. १३,००० जर्मन भाषिक लोक लंडनला आले. त्यांची सोय ब्लॅकहीथ, कँबरवेल इ. ठिकाणी तंबूंत करण्यात आली. प्रारंभीची सहानुभूती लवकरच ओसरली. स्थानिक गरिबांत असंतोष वाढला आणि हे खरोखरच धर्मासाठी छळलेले लोक आहेत काय, असा वाद सुरू झाला. अखेर त्यांच्यातील काहींना आयर्लंडला, काहींना न्यूयॉर्क वसाहतीत पाठविण्यात आले, तर काहींना परत धाडण्यात आले. सहानुभूती, संशय व पांगापांग हा क्रम पुढेही वारंवार आढळतो.

रशियात १८८१ नंतर ज्यूंविरुद्ध उसळलेल्या दंगलींमुळे पूर्व लंडनमध्ये ज्यू स्थलांतरितांची वस्ती वाढली. गोदीवर उतरणाऱ्या निष्कांचन ज्यूंसाठी १८८५ मध्ये एक तात्पुरते आश्रयगृह स्थापन झाले. तेथे साधारणतः दोन आठवड्यांपर्यंत राहता येई. या काळातील लंडनमध्ये नवागतास काम करण्यास मनाई नव्हती. शिवणकाम वा चर्मकाम करणाऱ्या कोंदट कारखान्यांत अल्प वेतनावर का होईना, त्यास रोजगार मिळे. १९०५ च्या परकीय व्यक्तिविषयक अधिनियमाने निर्वाहाचे साधन नसलेल्यांना प्रवेश नाकारण्याची तरतूद केली. मात्र धार्मिक वा राजकीय छळामुळे आलेल्यांना केवळ निर्धनतेच्या कारणावरून नाकारू नये, असा अपवादही तीत होता. १९३३ मध्ये जर्मनीतून ज्यू येऊ लागले, तेव्हा त्यांचा भार सरकारी तिजोरीवर पडणार नाही, अशी हमी ब्रिटनमधील ज्यू नेत्यांनी शासनास दिली.

कल्याणकारी राज्य व आश्रयार्थी : १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य अधिनियमाने जुना दारिद्र्यनिवारण कायदा रद्द केला. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करारही ब्रिटनने स्वीकारला. पुढील तीन दशकांत अर्जदारांची संख्या मर्यादित होती. १९८८ मध्ये सु. ४,००० असलेले अर्ज १९९१ मध्ये सु. ४५,००० झाले. श्रीलंका, सोमालिया, तुर्कस्तान, झाईरे इ. देशांतून आलेले बहुसंख्य अर्जदार नातलग व देशबांधव यांच्या आधाराने लंडनमध्येच राहत. आर्थिक लाभाच्या आमिषाने लोक खोटे अर्ज करतात, असा युक्तिवाद शासनाकडून होऊ लागला.

फेब्रुवारी १९९६ मध्ये काढलेल्या विनियमांनुसार, देशात उतरताच अर्ज न करता नंतर करणाऱ्यांची आणि नकाराविरुद्ध अपील करणाऱ्यांची सामाजिक सुरक्षेची मदत बंद करण्यात आली. त्यांना कामाची परवानगीही नसल्याने शेकडो लोक उघड्यावर पडले. चर्च, रेडक्रॉस आणि निर्वासितांच्या संघटना यांनी अन्न व रात्रनिवारे पुरविले. जूनमध्ये अपील न्यायालयाने हे विनियम अवैध ठरविले. भुकेने मरणाऱ्या परकीयासही साहाय्य देण्यास माणुसकीचा कायदा बांधील करतो, या १८०३ मधील एका न्यायनिर्णयाचा आधार त्या वेळी घेण्यात आला. तथापि पुढच्याच महिन्यात संसदेने तेच निर्बंध अधिनियमाद्वारे पुन्हा लागू केले. यावर ऑक्टोबर १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने वेगळा मार्ग दाखविला. १९४८ च्या अधिनियमान्वये देखभालीची गरज असलेल्यांना निवारा देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक होते. अन्न, निवारा व काम यांवाचून राहिलेला आश्रयार्थीही त्यात मोडू शकतो, असा निर्णय त्याने दिला. अशा रीतीने हा भार लंडनच्या नगरपरिषदांवर आला. त्यांना रोख रक्कम देता येत नसल्यामुळे वसतिगृहे, शिधा व व्हाउचरे यांवर भागवावे लागे.

विखुरणी, व्हाउचरे व ५५ वे कलम : १९९९ च्या अधिनियमानुसार एप्रिल २००० पासून ही जबाबदारी केंद्रीय यंत्रणेकडे आली. लंडनवरील ताण कमी करण्यासाठी अर्जदारांना उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड इ. ठिकाणी पाठविण्याचे धोरण सुरू झाले. घर कोठे मिळावे, याची निवड अर्जदारास नव्हती. लंडन सोडण्यास नकार देणाऱ्यांना केवळ निर्वाहापुरती मदत मिळे. त्यामुळे परिचितांच्या आधीच दाटीवाटीच्या घरांत राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे. मदतीचा बराच भाग व्हाउचरांच्या रूपाने मिळे व खरेदीनंतर दुकानदार सुटे पैसे परत देत नसत. ही अपमानास्पद ठरलेली पद्धत एप्रिल २००२ मध्ये थांबली. परंतु त्याच वर्षी जुलैमध्ये सहा महिन्यांनंतर काम करण्याची परवानगी देण्याची सवलतही संपली.

जानेवारी २००३ पासून अंमलात आलेल्या २००२ च्या अधिनियमातील ५५ व्या कलमाने, देशात आल्यावर शक्य तितक्या लवकर अर्ज न करणाऱ्यांची मदत बंद केली. सूट मुख्यतः लहान मुले असलेल्या कुटुंबांना होती. परिणामतः एकटे स्त्री-पुरुष दूरध्वनीच्या खोक्यांत, बसथांब्यांवर, मशिदींत आणि ब्रिक्सटनमधील निर्वासित साहाय्य कार्यालयाबाहेर रात्री काढू लागले. न्यायालयांत असंख्य अर्ज दाखल झाले. नोव्हेंबर २००५ मध्ये तीन आश्रयार्थींच्या प्रकरणांत हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निर्णय दिला, की काम करण्यास बंदी घालून त्याच वेळी निवारा, अन्न व अत्यावश्यक गरजा नाकारणे आणि त्यामुळे व्यक्तीस गंभीर यातना तत्काळ भोगाव्या लागणे, ही अमानुष वा अवमानकारक वागणूक होय. यूरोपीय मानवी हक्क संहितेच्या ३ ऱ्या कलमाने तिला मनाई आहे.

समालोचन : या निर्णयाने सर्वच निराधारतेचा अंत झाला नाही. ज्यांचे अर्ज अंतिमतः नाकारले गेले, परंतु ज्यांना परत पाठविणे शक्य नव्हते, असे अनेक जण त्यानंतरही धर्मादाय संस्थांच्या अन्नछत्रांवर अवलंबून राहिले. उलटपक्षी, अर्ज मान्य झालेल्यांनाही निर्णयानंतर २८ दिवसांत शासकीय निवास सोडावा लागत असल्याने, २०२३ मध्ये प्रलंबित अर्जांचा वेगाने निपटारा होताच लंडनमध्ये बेघर झालेल्या निर्वासितांची संख्या वाढली. म्हणजे संरक्षण मिळण्याचा दिवस हाच काहींच्या बाबतीत रस्त्यावर येण्याचा दिवस ठरला. ह्यूगेनॉट विणकरास किंवा पूर्व लंडनमधील ज्यू शिंप्यास दारिद्र्य सोसावे लागले, तरी स्वतःच्या श्रमावर जगण्याची मुभा होती. ती काढून घेणाऱ्या राज्यसंस्थेवर त्याच्या निर्वाहाचे उत्तरदायित्वही येते, हे तत्त्व लंडनमधील या प्रदीर्घ संघर्षातून प्रस्थापित झाले.